उंबरठ्यावरची अमानत

“अम्मी, पंधराच दिवसांचा प्रश्न आहे. तोवर त्याला कोणीतरी कायमचं घर मिळेल.”

नोव्हेंबर २०२४ मध्ये अकोल्याहून थोरल्याचा हा फोन आला, तेव्हा मी शाळेच्या उत्तरपत्रिका तपासत बसले होते. अकोल्यात शिकणारा हा मुलगा सुट्टीच्या दिवशी जखमी जनावरे दवाखान्यात पोचवणाऱ्या पोरांबरोबर फिरतो, एवढे मला ठाऊक होते. त्या पोरांनी आमच्याच मेडशीजवळून एक कुत्रा उचलून नेला होता आणि आता तो पुन्हा मेडशीतच, आमच्या दारात ठेवायचा होता.

मेडशी हे अकोला-वाशिम रस्त्यावरचे गाव. पातूरचा घाट ओलांडला की जंगल संपता संपता आमची शेते लागतात. हाच रस्ता पुढे हिंगोली-नांदेडकडे जातो. तो चौपदरी झाला, गाड्यांचा वेग वाढला आणि कडेची काही जुनी हॉटेले उठली. अशाच एका ढाब्यावर हा कुत्रा लहानाचा मोठा झाला होता. ढाबा बंद झाला, सामान गेले, कुत्रा तिथेच राहिला. येणाऱ्या प्रत्येक ट्रकमागे तो ओळखीने धावायचा. एका पहाटे अशाच धावण्यात गाडीची धडक बसली.

अकोल्यात त्याचा पाय वाचला, पण तपासणीत बाकीचेही बाहेर आले. वय दहाच्या आसपास. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. मागच्या खुब्यांचे सांधे झिजलेले. रक्तात गोचीड तापाचा संसर्ग. हृदयाच्या ठोक्यात दोष. अशा कुत्र्याला पुन्हा महामार्गावर सोडणे म्हणजे मारायलाच सोडणे, आणि दवाखान्यात कायमचे ठेवता येत नाही. “आणि अम्मी,” थोरला म्हणाला, “एक गोष्ट आधीच सांगतो. म्हातारा आहे, पण एका जागी बसणारा नाही.”

मी सरळ नाही म्हटले. घरात पाच वेळची नमाज. सासूबाईंचा मुसल्ला ओसरीतच अंथरलेला असतो. ज्या घरात कुत्रा असतो तिथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शिवाय म्हाताऱ्या, आजारी जनावराचे औषधपाणी कोण करणार? शाळा सांभाळून मीच ना?

पण फोन ठेवल्यावर उत्तरपत्रिकांत लक्ष लागेना. मुलांच्या अब्बांना सांगितले. ते म्हणाले, “आपण दोघांनीच ठरवण्यापेक्षा मौलानांना विचारू.”

आधी विचारले, मग आणले

जुम्याच्या नमाजनंतर ते मौलानांना भेटले. मौलानांनी आधी दोनच प्रश्न विचारले : कुत्रा ठेवणार कुठे, आणि कशासाठी? आमचे घर गावाच्या कडेला आहे. मागे गोठा, त्याला लागून शेत. गोठ्याशेजारची जुनी कडब्याची खोली रिकामीच होती. जागा गोठ्यात आणि कारण उपचाराचे, हे ऐकल्यावर मौलानांनी जे सांगितले ते आमच्यासारख्या अनेक घरांना उपयोगी पडेल, म्हणून थोडक्यात देते.

कुत्र्याबाबत आपल्याकडे दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि बहुतेक लोक त्यातली एकच ऐकतात. सहीह बुखारी व सहीह मुस्लिममधील हदीसनुसार शिकार, जनावरांची राखण किंवा शेती यांखेरीज निव्वळ हौसेसाठी कुत्रा पाळणाऱ्याच्या नेकीतून रोज काही हिस्सा कमी होतो. भांड्यात कुत्र्याने तोंड घातले तर ते सात वेळा, त्यातही पहिल्यांदा मातीने धुवावे, असेही हदीसमध्ये आहे. हा झाला एक भाग.

दुसरा भाग तितकाच सहीह आहे. तहानेने व्याकूळ होऊन ओली माती चाटणारा कुत्रा पाहून एक माणूस विहिरीत उतरला, आपल्या पायातल्या मोज्यात पाणी भरले, तो दातात धरून वर चढला आणि कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याचे हे काम कबूल केले आणि त्याला माफ केले. सहाबांनी विचारले, जनावरांशी चांगले वागण्यातही आम्हाला सवाब आहे का? प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी उत्तर दिले की प्रत्येक जिवंत प्राण्याच्या बाबतीत सवाब आहे. ही रिवायत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची, आणि कुत्रा पाळण्याने नेकी घटते हे सांगणारेही तेच. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच तोंडून आपल्यापर्यंत आल्या आहेत. त्यांत विरोध नाही. एक हौसेविषयी बोलते, दुसरी गरजेविषयी.

सूरह अल-कहफमध्ये गुहेत आसरा घेतलेल्या ईमानवंत तरुणांचा उल्लेख आहे. त्यांच्याबरोबर त्यांचा कुत्राही आहे, गुहेच्या उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला. हजरत इब्ने उमर (रजि.) यांची बुखारीतील रिवायत सांगते की प्रेषितांच्या काळात मदीनेच्या मशिदीत कुत्रे येत-जात असत आणि त्यासाठी तिथे पाणी शिंपडले जात नसे.

पाकी-नापाकीबद्दल मजहबांमध्ये फरक आहेत. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात बहुतेक हनफी. हनफी मतानुसार कुत्र्याची लाळ नापाक आहे, पण कोरड्या अंगाचा स्पर्श झाल्याने कपडे नापाक होत नाहीत. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई. त्यांच्याकडे नियम कडक आहेत, कुत्र्याचे सगळे अंगच नापाक मानले जाते. मालिकी मजहबात जिवंत कुत्रा पाक मानला जातो. एक गोष्ट मात्र पुष्कळांना माहीत नसते : कुत्र्याला हात लागल्याने वुजू तुटत नाही. लाळ किंवा ओल लागली असेल तर तेवढी जागा धुवावी लागते, एवढेच. तुमच्या घरी कोणता मजहब चालतो, त्याप्रमाणे तुमच्या आलिमांना विचारून घ्या.

मौलाना शेवटी म्हणाले, “माजघरात, मुसल्ल्यावर नको. गोठ्यात ठेवा, त्याची भांडी वेगळी ठेवा आणि उपचार करा. हे पाळणे नाही. हा अमानतीचा मामला आहे.”

घराचे नियम

शेरू आला तो टेम्पोतून उडी मारूनच. नाव त्याचे ढाब्यावरचेच. पाय लंगडत होता, एक डोळा पांढुरका, पाठीवर केसांचे चट्टे गेलेले, आणि शेपूट मात्र अशी हलत होती की मागचा सगळा भाग तिच्याबरोबर हलायचा. अर्ध्या तासात त्याने गोठा, विहीर, बांध आणि कोंबड्यांचे खुराडे पाहून घेतले.

आम्ही पहिल्याच दिवशी नियम ठरवले. त्याची दोन पातेली वेगळी, ती धुण्याचा काथ्या वेगळा, आणि हे सगळे गोठ्यातच राहील. शेरूचे काम करताना घालायचे जुने कपडे खोलीच्या खुंटीवर. काम झाले की हौदावर साबणाने हात-पाय धुवायचे, कपडे बदलायचे, मगच घरात यायचे. ओसरीची पायरी ही त्याची हद्द. चार दिवसांत त्याला ती कळली. तो पायरीखाली पुढचे पाय पसरून बसतो आणि आत बघत राहतो. रात्री खोलीचे दार बंद, कारण मेडशीच्या जंगलात बिबट्या आहे आणि कुत्रा हे बिबट्याचे आवडते भक्ष्य.

पैशाचाही नियम ठरवला. औषधे, तपासण्या आणि खाणे मिळून महिन्याला साधारण दीड हजार रुपये लागतात. त्यासाठी जकातीच्या पैशाला हात लावायचा नाही. जकातीचे आठ हक्कदार कुरआनने ठरवून दिले आहेत आणि ती माणसे आहेत. शेरूचा खर्च वेगळा, नफील सदक्याच्या नीयतने.

मन दोन वर्षांचे, अंग दहाचे

म्हातारा कुत्रा म्हणजे कोपऱ्यात पडून राहणारा, ही माझी समजूत शेरूने आठवड्यात मोडली. मोटारसायकलचा आवाज आला की तो फाटकाशी. गुरे चरायला निघाली की तो पुढे. धाकट्याने चेंडू हातात घेतला की तो उड्या मारू लागे. आम्हाला वाटले, बरा झाला.

इथेच चूक झाली, आणि ती माझी आहे. एप्रिल महिना होता. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. संध्याकाळी पाचच्या सुमाराला धाकटा त्याच्याशी चेंडू खेळत होता आणि मी ओसरीतून कौतुकाने बघत होते. पंधरा-वीस फेऱ्यांनंतर शेरू चेंडूपर्यंत गेला आणि तिथेच आडवा झाला. जीभ बाहेर, गडद लाल. श्वास भात्यासारखा. उभे केले तर पाय घसरत होते.

घाबरून मी त्याच्या तोंडात पाणी ओतायला निघाले. फोनवर डॉक्टरांनी अडवले. बेशुद्धीकडे झुकलेल्या जनावराच्या तोंडात पाणी ओतले तर ते फुप्फुसात जाते. त्याला सावलीत घ्या, नळाचे साधे पाणी पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर ओता, पंखा लावा, बर्फ लावू नका आणि लगेच दवाखान्यात आणा, असे त्यांनी सांगितले. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. त्याच्या अंगाचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. ते १०६ च्या वर गेले तर आतले अवयव निकामी होऊ लागतात. हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला तिथपर्यंत जायला वेळ लागत नाही. शेरू त्या दिवशी वाचला, अलहम्दुलिल्लाह.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितले ते असे : थकल्यावर थांबायचे, हे सगळ्याच कुत्र्यांना कळत नाही. आयुष्यभर माणसांच्या मागे धावलेल्या कुत्र्याला तर नाहीच. तुम्ही चेंडू फेकाल तोवर तो धावेल. म्हणून थांबवण्याचे काम तुमचे.

घाबरून दुसऱ्या दिवसापासून मी त्याला बांधूनच ठेवले. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तो उठताना कण्हू लागला. सासूबाई ओसरीतून बघत होत्या. शेरूला त्यांनी तोवर एकदाही हाक मारली नव्हती. त्या मला म्हणाल्या, “त्याला सोड. बसवून ठेवलंस तर तो बसूनच जाईल. माझ्या गुडघ्यांना विचार.”

डॉक्टरांनीही तेच सांगितले, फक्त वेगळ्या शब्दांत. सांध्यातली कूर्चा झिजली की सांधा सावरून धरण्याचे काम भोवतीचे स्नायू करतात. हालचाल बंद झाली की स्नायू सुकतात आणि दुखणे वाढते. म्हणून धावणे नको, उड्या नकोत, पण चालणे रोज हवे. तेव्हापासून शेरूचे वेळापत्रक ठरले. फजरच्या नमाजनंतर बांधावरून २० मिनिटे, मगरिबच्या आधी २० मिनिटे, पट्टा लावून, मातीवरून. चेंडू बंद. पण मन दोन वर्षांचे असलेल्या कुत्र्याला डोक्याचेही काम हवे. म्हणून धाकटा आता भाकरीचे तुकडे गोठ्यात वेगवेगळ्या जागी लपवतो आणि शेरू नाकाने एकेक हुडकून काढतो. दहा मिनिटांच्या या शोधाने तो असा समाधानाने झोपतो, जणू मैलभर धावून आला.

दुखणी ओळखायची कशी?

म्हाताऱ्या कुत्र्याची दुखणी गुपचूप येतात. मध्यम आकाराचा कुत्रा सात-आठ वर्षांनंतर उतारवयात येतो. तेव्हापासून वर्षातून दोनदा तपासणी करून घ्यावी. घरच्या माणसांनी लक्ष ठेवायच्या काही गोष्टी अशा :

पाणी एकाएकी जास्त पिऊ लागला, लघवीही वाढली, तर मूत्रपिंड किंवा मधुमेहाची शंका घ्यावी. रात्री खोकला येतो, थोडे चालून दम लागतो, तर हृदय तपासावे. खायला धावतो पण घास टाकून देतो, तोंडाला वास येतो, तर दात पाहावेत. उठताना मागचा भाग डगमगतो तो सांध्यांमुळे. अशा कुत्र्याला घसरत्या फरशीवर ठेवू नये. आम्ही बारदान्यावर जुनी गोधडी अंथरली आहे. ताप, सुस्ती, नाकातून रक्त किंवा हिरड्या पांढऱ्या, ही गोचीड तापाची लक्षणे असू शकतात. हा आजार गोचीड चावल्याने होतो. रक्त तपासून त्यावर साधारण चार आठवडे गोळ्या द्याव्या लागतात आणि बरे वाटले म्हणून त्या मध्येच सोडायच्या नसतात. कुत्र्याइतकेच त्याची झोपायची जागाही गोचीडमुक्त ठेवावी लागते, नाहीतर आजार परत येतो.

आपल्या घरातल्या गोळ्या त्याला कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन या माणसांच्या साध्या गोळ्या कुत्र्याच्या यकृतावर, मूत्रपिंडावर आणि पोटावर घात करू शकतात. वेदनेची गोळी पशुवैद्यानेच, वजन पाहून द्यायची असते.

आपल्या स्वयंपाकघराबद्दल खास सांगते. आपले सालन, बिर्याणी, खिचडा यांत कांदा-लसूण भरपूर. हे दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. उरलेली बिर्याणी कुत्र्याला घालणे ही मेहरबानी नाही. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेटही विषारी. दुसरी गोष्ट हाडांची. शिजलेले हाड फुटते तेव्हा टोकदार तुकडे होतात आणि ते घशात किंवा आतड्यात रुततात. जून २०२५ मध्ये बकरी ईदला मोहल्ल्यातली मुले प्रेमाने शेरूसाठी शिजलेली हाडे घेऊन आली होती. त्यांना ओसरीत बसवून हे समजावले. शेरूला बिनमिठाचे, नुसते उकडलेले मांस आणि भात मिळाला. कुर्बानीचे बाकीचे अवशेष खोल खड्ड्यात पुरले तर गावातल्या कुत्र्यांचीही भांडणे होत नाहीत.

उपचार कुठे, हा खेड्यातल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात साधे उपचार आणि लसीकरण होते. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाची चौकशी करता येते. मोठ्या तपासण्यांसाठी आमच्या भागाला अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. ती नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतर्गत चालते.

“म्हातारं झालं की कोणी नेत नाही का?”

पंधरा दिवसांचे तीन महिने झाले. थोरला शेरूसाठी घर शोधतच होता. फोन यायचे. फोटो पाहून लोक खूश व्हायचे. मग वय विचारायचे, आणि बोलणे संपायचे. एक कुटुंब तर अकोल्याहून बघायला आले. शेरूने त्यांच्या मुलांसमोर सगळी कला दाखवली. पण हृदयाची गोळी आयुष्यभर चालणार, हे कळल्यावर त्यांनी विचार करून कळवतो म्हटले. त्यांना दोष देत नाही. मीही पहिल्या फोनवर नाहीच म्हटले होते.

त्या संध्याकाळी आमच्या मुलीने जेवताना विचारले, “अम्मी, म्हातारं झालं की कोणी नेत नाही का?” समोर सासूबाई बसल्या होत्या. कोणी उत्तर दिले नाही. सासूबाईंनीच पाण्याचा तांब्या पुढे सरकवून विषय बदलला.

मुलांच्या अब्बांच्या मनात वेगळा प्रश्न होता. शेतीच्या राखणीसाठी कुत्रा ठेवता येतो, हे ठीक. पण शेरूला एका डोळ्याने दिसत नाही, रात्री तो खोलीत झोपतो. रानडुकरे आली तरी तो जाणार नाही. शेतावरचे गडीमामाही म्हणायचे, “भाऊ, हे बुढं आता काय राखन करीन? याले तुम्हीच राखून राह्यले.” मग ज्या कामाच्या आधारावर कुत्रा ठेवायची मुभा आहे ते कामच होत नसेल, तर ठेवायचे कशाच्या आधारावर?

ते पुन्हा मौलानांकडे गेले. मौलानांनी इमाम इज्जुद्दीन इब्ने अब्दुस्सलाम यांचे नाव घेतले. दमास्कसमध्ये जन्मलेले हे मोठे शाफई फकीह. १२६२ मध्ये कैरोत त्यांचा इंतकाल झाला. माणसावर जनावरांचे कोणते हक्क आहेत, हे त्यांनी एकेक करून लिहून ठेवले आहे. त्यात पहिल्याच हक्काबरोबर त्यांनी स्पष्ट केले आहे की जनावर म्हातारे झाले किंवा आजारी पडले, त्याचा काही उपयोग उरला नाही, तरी त्याच्या खाण्यापिण्याचा खर्च माणसाने करायचा. त्याच्या ताकदीबाहेर ओझे लादायचे नाही, इजा करील अशा जनावराबरोबर त्याला ठेवायचे नाही, असे पुढचे हक्क आहेत. साडेसातशे वर्षांपूर्वी लिहिलेली ही गोष्ट ऐकून मी थक्क झाले. उपयोग संपला की हक्क संपतो, असे आपण मनात धरून चाललो होतो. इमामसाहेबांनी नेमके तेच खोडून ठेवले होते.

यामागे प्रेषितांचा आदर्श आहे. सुनन अबू दाऊदमध्ये आहे की एका अन्सारी सहाबीच्या बागेत प्रेषित (सल्ल.) गेले, तेव्हा तिथला उंट त्यांना पाहून रडू लागला. त्यांनी त्याच्या मानेवरून हात फिरवून त्याला शांत केले आणि मालकाला बोलावून विचारले की अल्लाहने तुझ्या ताब्यात दिलेल्या या जनावराबाबत तू अल्लाहला भीत नाहीस का? तू त्याला उपाशी ठेवतोस आणि थकेपर्यंत राबवतोस, अशी त्याची तक्रार आहे. ताब्यात दिलेले, हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. जनावर आपले नसते. ते आपल्याकडे सोपवलेले असते.

शेरू आला त्याच्या आदल्या महिन्यात, ९ ऑक्टोबर २०२४ रोजी, रतन टाटा यांचे निधन झाले. आपल्या टिटो या कुत्र्याचा आयुष्यभर सांभाळ व्हावा, अशी तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केल्याचे वर्तमानपत्रांतून आले. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे मोठे रुग्णालयही त्याच वर्षी सुरू झाले. थोरल्याने ही बातमी सांगितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “त्यांच्याकडे दवाखाना बांधायला पैसा होता. आपल्याकडे कडब्याची खोली आहे.”

आपल्यापैकी कोणाला करायचे असेल तर

प्रत्येक घराने कुत्रा आणावा, असे मी म्हणत नाही. ज्यांच्याकडे अंगण किंवा शेत नाही, घरात दम्याचे रुग्ण किंवा अगदी लहान मुले आहेत, त्यांनी हे ओझे घेऊ नये. पण तात्पुरता आसरा देणे अनेकांना शक्य असते. तो देताना चार गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात : किती दिवस, औषधाचा खर्च कोण करणार, रात्री-अपरात्री कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा, आणि मुदत संपल्यावर घर मिळाले नाही तर काय करायचे. आम्ही चौथी गोष्ट विचारलीच नव्हती.

कायदाही माहीत असावा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा सांगतो की जनावराचे उपासमारीने हाल होतील अशा रीतीने ते सोडून देणे हा गुन्हा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांविषयी आदेश दिला, त्यातही कुत्रा दत्तक घेणाऱ्याने तो पुन्हा रस्त्यावर सोडू नये, असे बजावले आहे.

आणि रेबीज. याबाबत दया आणि निष्काळजीपणा यांची गल्लत करू नका. घरी आणलेल्या कुत्र्याला रेबीजची लस वेळेवर दिलीच पाहिजे. अनोळखी जखमी कुत्र्याला मुलांनी हात लावू नये. वेदनेत असलेला कुत्रा चावतो, मग तो कितीही गरीब असो. कुत्रा चावला किंवा नखाने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचे. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. हळद, चुना, मिरची लावण्यात किंवा फुंकर-ताविजात वेळ घालवू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही. तिखट लावल्याने तर जखम उलट वाढते. दुआ जरूर करावी, पण लस घेऊन.

तारखेचा रकाना

शेरूला आमच्याकडे येऊन आता वर्षाहून जास्त झाले. दुसऱ्या डोळ्यातही पांढुरकी झाक दिसू लागली आहे. डॉक्टर म्हणतात, हृदय थोडे मोठे झाले आहे, गोळी वाढवावी लागली. किती दिवस, हे ते सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. थोरल्याने आता घर शोधणे थांबवले आहे.

रोज पहाटे अजानच्या आधी सासूबाई उठतात. गुडघ्यांवर हात ठेवून, भिंतीला धरून, हळूहळू ओसरीत येतात. पायरीखालून शेरू उठतो, तोही दोनदा डगमगून. सासूबाई त्याला हात लावत नाहीत, वुजू करून आलेल्या असतात. फक्त म्हणतात, “उठलास का रे? चल, मीही उठले.” मग त्या मुसल्ल्यावर, आणि तो पायरीखाली, नमाज होईपर्यंत.

त्याला आणताना थोरल्याने एक कागद माझ्याकडून सही करून घेतला होता. कुत्र्याचे वय, आजार, लसीची तारीख, घेणाऱ्याचे नाव. शेवटचा रकाना आहे, परत देण्याची तारीख. परवा कपाट आवरताना तो कागद सापडला. रकाना अजून कोराच आहे. तो मी तसाच घडी घालून ठेवला.

तोवर त्याच्या वाट्याचे अन्न, औषध आणि सकाळ-संध्याकाळची २० मिनिटे आमच्याकडून चुकू नयेत, एवढीच अल्लाहकडे दुआ आहे.